‘सिफर’ ऐकणारे

लकी अलीचा दुसरा अल्बम ‘सिफर’ १९९८ साली निघाला, पण आमच्या घरात तो ‘सफर’ या नावाने आला. मामू तासगावहून द्राक्षांचा टेम्पो घेऊन वाशीच्या फळबाजारात जात आणि परतताना एखादी कॅसेट आणत. कव्हरवरचे नाव रोमन लिपीत होते. मामूंचे शिक्षण उर्दू सातवीपर्यंतचे. त्यांनी अक्षरे जुळवून ‘सफर’ असे वाचले, आणि रात्ररात्र गाडी हाकणाऱ्या माणसाला ‘सफर’ नावाची कॅसेट मिळाली म्हणून ते खूश झाले. पुढे कितीतरी वर्षे घरात ती ‘सफरची कॅसेट’च राहिली.

मी शिक्षिका झाल्यावर, उर्दू शाळेच्या फळ्यावर गणिते सोडवून दाखवताना, ही चूक किती मजेशीर आहे ते लक्षात आले. उर्दूत शून्याला आपण सिफर म्हणतो. स्वाद, फे, रे अशी तीन अक्षरे. हीच तीन अक्षरे स्वादवर जबर देऊन वाचली तर ‘सफर’ होतो, म्हणजे हिजरी सनाचा दुसरा महिना. आपल्याकडे दख्खनी घरांत या महिन्याचे पहिले तेरा दिवस ‘तेरा तेजी’ म्हणून अशुभ मानतात, लग्ने टाळतात. हदीसमध्ये या समजुतीला आधार नाही, उलट साफ नकार आहे, तरी दादी-नानींच्या मनातून ती गेलेली नाही. प्रवास या अर्थाचा ‘सफर’ मात्र सीनने लिहायचा. म्हणजे मामूंचा सफर उर्दू लिपीत चूक ठरतो आणि रोमन लिपीत जवळजवळ चालून जातो. गायकाला हे सगळे अभिप्रेत होते असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्या पहिल्या अल्बममध्ये ‘प्यार का मुसाफिर’ आहे त्याच्या दुसऱ्या अल्बमचे नाव लोकांनी ‘सफर’ वाचावे, यात लोकांचा फार दोष नाही.

लकी अली म्हणजे मेहमूद यांचा मुलगा, मीनाकुमारीचा भाचा. जन्म मुंबईचा, १९५८ चा. श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) मध्ये तो दिसला होता. पण नाव झाले ते १९९६ च्या ‘सुनो’ या पहिल्या अल्बममुळे आणि त्यातल्या ‘ओ सनम’मुळे. तो काळ खाजगी अल्बमांचा. १९९५ साली अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदीचा ‘बोलो ता रा रा’ येऊन गेले होते. १९९७ मध्ये रहमानचा ‘वंदे मातरम्’ आला, जुनूनचा ‘आझादी’ आला. मराठीत ‘गारवा’ त्याच सुमाराचा. सिनेमात नसलेले गाणेही आपले असू शकते, ही कल्पना तालुक्याच्या गावापर्यंत पोचायला केबल टीव्ही आणि टेपरेकॉर्डर कारणीभूत झाले.

‘सिफर’विषयी लिहायचे ठरवल्यावर मी गेल्या वर्षभरात जो भेटेल त्याला विचारत गेले. घरची माणसे, स्टाफरूममधले सहकारी, मिरजेचे एक जुने जाणते गृहस्थ, माझे विद्यार्थी. याला सर्वेक्षण म्हणता येणार नाही. पण गाण्याविषयी आपल्या समाजात लोक मोकळेपणाने बोलत नाहीत, आधी ‘तसे आम्ही ऐकत नाही’ असे म्हणतात आणि मग चाल गुणगुणून दाखवतात. म्हणून ही मते नोंदवावीत असे वाटले.

सर्वांत जास्त ऐकू आलेले मत एकच : ‘पहिल्यासारखे नाही.’ दुसऱ्या अल्बमच्या नशिबी हे असतेच. पण इथे त्याचे एक वेगळे कारण आहे असे मला वाटते. ‘सुनो’ आपण आधी पाहिला आणि मग ऐकला. ‘ओ सनम’चे चित्रण इजिप्तमधले. इतरांना त्यात पिरॅमिड आणि वाळवंट दिसले. आमच्या दादीला त्यात मिसर दिसला, हजरत यूसुफ आणि हजरत मूसा यांचा मिसर, फिरऔनचा मिसर. गाण्यांना नाके मुरडणारी दादी त्या गाण्यापुरती टीव्हीसमोर थांबायची. अशी कथा सोबत घेऊन आलेल्या गाण्याशी पुढच्या गाण्यांनी बरोबरी कशी करायची? ‘सिफर’मागे असे वाळवंट नव्हते. तो नुसताच कानांवर सोडलेला होता.

आणि म्हणूनच माझ्या मते तो जास्त चांगला आहे. मामूंचे मतही हेच, फक्त कारण वेगळे. ते म्हणाले, “‘सुनो’ मी सगळ्यांना ऐकवायचो. ढाब्यावर गाडी लावली की आवाज वाढवायचो. ही दुसरी मात्र क्लीनर झोपला की लावायचो, खंबाटकी उतरताना.” चढणीला कोणती लावायचात, असे विचारले तर म्हणाले, “चढणीला इंजिनाचं ऐकायचं असतं.”

‘सिफर’मधली दोन गाणी जवळजवळ ठेवून ऐकावीत. ‘देखा है ऐसे भी’ हे गाणे मनात काही इरादे वसवून हिंडणाऱ्या माणसाविषयी आहे. असाही कोणी पाहिला आहे, एवढेच गाणारा सांगतो. कुठे पाहिला, तो कोण, त्याचे पुढे काय झाले, काही सांगत नाही. ‘नहीं रखता दिल में कुछ’ याच्या बरोबर उलट. तिथला माणूस मनात काही ठेवत नाही, जे आहे ते जिभेवर, आणि तरी आपल्याच माणसांना तो कळत नाही. एका गाण्यात भरलेले मन, दुसऱ्यात रिकामे. अरबीत ‘सिफ्र’चा मूळ अर्थच रिकामा असा आहे. आपल्या इथल्या गणितींचे शून्य अरबांनी घेतले तेव्हा त्यांनी त्याचा शब्दश: अनुवाद केला. पुढे १२०२ साली फिबोनाचीने आपल्या ग्रंथात त्याचे ‘झेफिरम’ केले, आणि या ‘सिफ्र’पासूनच युरोपात ‘झीरो’ आणि ‘सायफर’ हे दोन शब्द झाले. शून्य इथून गेले आणि झीरो होऊन परत आले. मधल्या मुक्कामाचे नाव सिफर. आपल्या मुलांना ते उर्दू शाळेत शिकायला मिळते याचा मला, खरे सांगायचे तर, थोडा अभिमान वाटतो.

तर अल्बमला हे नाव शोभते ते या दोन गाण्यांमुळे. माणसाचे मन भरलेले बरे की रिकामे बरे, हा सूफींचा जुना प्रश्न आहे. फक्र म्हणजे फकिरी, पण तिच्यात पैशाच्या अभावापेक्षा मनातली गर्दी काढून टाकणे अधिक. अर्थात, गिटारवरच्या दोन गाण्यांवर एवढे ओझे टाकू नये हेही खरे. स्टाफरूममधले उर्दूचे भाईसाहब मला हेच म्हणाले : “मॅडम, ही शायरी नाही, बोलणं आहे. तुम्ही त्यात फक्र आणि फना शोधू नका. गझलेचा एक मिसरा याच्या सबंध गाण्यापेक्षा जड असतो.” त्यांचे म्हणणे एका अर्थाने बरोबर आहे. या गाण्यांत शब्दांची कारागिरी नाही. काफिया कुठे जुळतो, कुठे सैल सुटतो. वजन म्हणाल तर ते चालीने सांभाळून घेतले आहे. चालीला लांब स्वर हवा असेल तर शब्द मध्येच ओढला जातो आणि पुढचा शब्द घाईघाईने उरकला जातो. उर्दू शिकवणाऱ्याच्या कानाला हे खटकणारच.

पण बोलणे हीच या गाण्यांची गोष्ट आहे असे मला वाटते. ‘इरादे’ हा शब्द घ्या. मोठ्या शायराने इथे काही भारदस्त शब्द योजला असता. इरादा हा बाजारातला, घरातला शब्द आहे. आपण रोजाची, नमाजाची नीयत करतो आणि वाशीला जायचा इरादा करतो. नीयत अल्लाहला ठाऊक, इरादा चारचौघांत सांगता येतो. या गाण्यात इराद्याला नीयतीची जागा दिली आहे, मनात वसवून ठेवले आहे. शब्द साधा, जागा मोठी. भाईसाहबांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “हे तुमचं आहे, त्याचं नाही.” असेल. ऐकणाऱ्याने गाण्यात आपले काही घालू नये असा नियम निदान मला माहीत नाही.

आवाजाविषयीचे मत मात्र जाणकाराचेच घ्यायला हवे. आम्हा सांगली जिल्ह्यातल्या लोकांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. मिरज जवळच आहे. तिथे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या नावाने गाणे होते. सतार आणि तंबोरे घडवणारी घरे पिढ्यान्पिढ्या आपलीच. त्या कामात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी मोबाईलवर ‘देखा है ऐसे भी’ ऐकवले. डोळे मिटून त्यांनी ते सबंध ऐकले. मला वाटले, आता म्हणतील गळ्याला रियाज नाही. ते म्हणाले, “तार सैल सोडलीय. पण जवारी बरी बसलीय.” जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून तारेची आस जमवणे. ती नीट जमली की एका तारेतून अनेक सूर घोंगावू लागतात. मी विचारले, तार सैल म्हणजे बेसूर का? “बेसूर नाही गं. ओढून बांधली असती तर वर गेला असता. याला वर जायचंच नाही.”

लकी अलीच्या गळ्याबद्दल इतके नेमके मी कुठे वाचलेले नाही. त्याचा पल्ला लहान आहे. तो वरच्या पट्टीत फारसा शिरत नाही, ताना घेत नाही, नाकात आणि श्वासात मिळून गातो. पुष्कळांना हे आळशीपणाचे वाटते. आमच्या शेजारच्या खाला तर म्हणतात, “झोपेतून उठून गातोय.” पण या गळ्याला जे जमत नाही ते करायला लावलेले नाही, यात संगीत संयोजक मायकी मॅक्लिअरी यांचे श्रेय मोठे. गिटार आणि तालवाद्ये आवाजाच्या भोवती इतकी विरळ ठेवली आहेत की सैल तारेची आस ऐकू यावी.

दोषही सांगितले पाहिजेत. अल्बम सलग ऐकला तर काही वेळाने गाणी एकमेकांत मिसळतात. तीच मध्यम लय, तीच गिटारची सुरुवात, तेच ओळीच्या शेवटी आवाज सोडून देणे. ‘मौसम’ एकटे ऐकले तर गोड वाटते, रांगेत ऐकले तर कोणते संपले आणि कोणते सुरू झाले ते कळत नाही. प्रेमगीते सामान्य आहेत. त्यांतला ‘तू’ कोणीही असू शकतो, आणि तो कोणीही असू शकणे हे दर वेळी गहनपणाचे लक्षण नसते, कधी कधी गीतकाराने ठरवलेलेच नसते. काही श्रद्धाळू श्रोते प्रत्येक ‘तू’मध्ये अल्लाह शोधतात, ते मला पटत नाही. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ वाचणाऱ्याला माहीत असते की त्या वाटेला जाणारा कवी वाचकाकडून कष्ट करवून घेतो. इथे तसे कष्ट नाहीत.

आता गाणे जायज की नाजायज, या प्रश्नाकडे. तो टाळून आपल्या वाचकांपुढे संगीतावर लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत, सूफी सिलसिल्यांत समाअची परंपरा आहे, आणि माझ्यासारखीने फतवा देण्याचे कारण नाही. मी फक्त एका श्रोत्याचे मत सांगते, जे त्याने तोंडाने कधी सांगितले नाही. नात्यातला एक तरुण जमातीत जाऊ लागला, तेव्हा त्याने घरातल्या कॅसेटी बाहेर काढल्या. फेकल्या नाहीत, पैशाच्या वस्तू होत्या. कॅसेटच्या डोक्यावरची खाच मोडलेली असली की तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. त्याने त्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि एकेकीवर बयान भरून घेतले. त्यात ‘सिफर’ही गेली. पुढे अनेक वर्षांनी सामान आवरताना ती मी लावून पाहिली. दोन्ही बाजूंना बयान होते, चांगले होते, आईबापांच्या हक्कांवर होते. दुसऱ्या बाजूचे बयान दुआसह संपले, थोडी खरखर झाली, आणि मग फितीच्या उरलेल्या भागावर अर्धे गाणे सुरू झाले. त्याने ते पुसले नव्हते. फीत उरली म्हणून राहिले, की राहू दिले म्हणून राहिले, हे मी त्याला विचारले नाही. तो आज दोन मुलांचा बाप आहे, माणूस चांगला आहे, आणि गाण्यांविषयीचे त्याचे मत बदललेले नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती गायकाविरुद्ध नाही, आपल्याविरुद्ध म्हणजे ऐकणाऱ्यांविरुद्ध आहे. मी ज्यांना ज्यांना विचारले त्या सगळ्यांनी लकी अली स्वत: लिहितो, स्वत: गातो असे सांगितले. चाली त्याच्या, गळा त्याचा, हे ठीक. पण या दोन्ही अल्बममधल्या कितीतरी गाण्यांचे शब्द सय्यद अस्लम नूर यांचे आहेत. हे नाव एकालाही ठाऊक नव्हते. उर्दूच्या भाईसाहबांनाही नाही, ज्यांनी त्या शब्दांवर माझ्याशी अर्धा तास वाद घातला होता.

आपली जुनी रीत अशी नव्हती. गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस असतो. सगनभाऊंसारखा शिकलगाराचा धंदा करणारा शाहीर लावणीच्या शेवटी आपले नाव गुंफून ठेवत असे. नाव गाण्यातच शिवलेले असले की गाणाऱ्याला ते गिळता येत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार घ्या. त्यांच्या गझला भीमराव पांचाळे यांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेल्या. त्या पांचाळ्यांच्याच म्हणून ऐकणारे पुष्कळ होते, पण मक्त्यात ‘इलाही’ आले की कोणीतरी विचारायचेच, हे इलाही कोण? २०२१ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा गझल फारशी न वाचणाऱ्या माणसांनीही हळहळ व्यक्त केली. आणि अमर शेख, बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, यांच्याबाबतीत तर प्रश्नच नव्हता. स्वत: रचून पहाडी आवाजात स्वत: गाणारा शाहीर आपण पाहिलेला समाज आहे. म्हणूनच कदाचित आपण गाणारा दिसला की रचणाराही तोच असे धरून चालतो. कॅसेटच्या गाण्याला मक्ता नसतो. नाव असते ते आतल्या घडीच्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि तो कागद पहिल्याच महिन्यात हरवतो.

पुढे लकी अली सिनेमात गेला. ‘कहो ना प्यार है’मधल्या गाण्यासाठी २००१ मध्ये फिल्मफेअर मिळाले, २००२ च्या ‘सूर’मध्ये निदा फाजलींचे शब्द त्याच्या वाट्याला आले, आणि २०१५ मध्ये ‘तमाशा’त त्याने इर्शाद कामिलांचे ‘सफरनामा’ गायले. मामूंना मी ते ऐकवले तर म्हणाले, “बघ, मी तेव्हाच म्हणालो होतो, सफर.” सिनेमातली ही गाणी शब्दांच्या दृष्टीने ‘सिफर’पेक्षा सरस आहेत, निदा फाजलींची तर निश्चितच. पण त्यांत तो दुसऱ्याच्या घरी नीटनेटका बसलेला वाटतो.

२०२० च्या अखेरीस गोव्यात नुसत्या गिटारवर ‘ओ सनम’ गातानाचा त्याचा व्हिडिओ फोनाफोनांत फिरला. पांढरी दाढी, समोर बसलेले चार लोक. माझ्या विद्यार्थ्यांची त्याच्याशी ओळख तिथून सुरू होते. त्यांना पहिला अल्बम, दुसरा अल्बम हा हिशेब माहीत नाही. गाणी त्यांच्याकडे सुटी येतात, कधी अर्धी, कधी फक्त धृपद. ‘पहिल्यासारखे नाही’ हे मत त्यांच्याकडून येणे शक्यच नाही, आणि त्यामुळे ‘सिफर’ला प्रथमच बरोबरीने ऐकले जात आहे असे म्हणायला हरकत नाही. नववीच्या वर्गात मी अल्बमचे नाव सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “टीचर, सिफर म्हणजे नापास ना?” तिची चूक नाही, आम्हीच पेपरावर लाल शाईने ते लिहीत आलो आहोत.

त्याच वर्गात मी ‘देखा है ऐसे भी’ लावून इमला घेतला. ऐकायचे आणि उर्दूत लिहायचे. ‘इरादे’ निम्म्यांनी अलिफने लिहिले, निम्म्यांनी ऐनने, तेव्हा अलिफ का, ते समजावून सांगितले. मग कागदाच्या खाली नेहमीप्रमाणे शायराचे नाव लिहायला सांगितले. सगळ्यांनी ‘लकी अली’ लिहिले. मी फळ्यावर खडूने ‘सय्यद अस्लम नूर’ असे लिहिले. वर्ग थोडा वेळ बघत राहिला, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “ये कौन है, टीचर?”